दाराच्या लॉकमध्ये किल्ली तुटलीये, लॉक न बदलता तुकडा कसा काढू? मदत हवी आहे

मंडळी, जरा तातडीची मदत हवी आहे. गाडीची किल्ली ड्रायव्हरच्या दारात तुटली. रिमोटचा सेल संपला होता म्हणून किल्लीने उघडायला गेले, ते लॉक कित्येक महिन्यांत कोणी वापरलेलंच नव्हतं, आत धूळ बसून घट्ट झालेलं, किल्ली थोडी फिरली आणि कट्‌कन पातं मोडलं. मूठ हातात, पातं आत. दुसरी किल्ली मागेच हरवलीये.

आता रिमोटमध्ये नवीन 2032 चा सेल टाकलाय, त्यामुळे दार उघडतं, पण गाडी चालू कशी करणार, अर्ध्या पात्याने इग्निशन फिरत नाही ना. एका गॅरेजवाल्याला फोन केला तर त्याने गाडी न बघताच सांगितलं की अख्खा लॉकसेट बदला, इग्निशन आणि सगळी दारं. हे मला अजिबात पटलेलं नाही. इमोबिलायझरची (चोरी रोखणारी, जी ओळखली गेल्याशिवाय गाडी चालूच होत नाही ती) चिप मुठीत असते, पात्यात नाही, आणि मूठ माझ्याकडे धड आहे. म्हणजे तुकडा निघाला की दोन्ही तुकडे जोडून ठेवून चावीवाला नवीन पातं कापून देऊ शकतो, ते याच मुठीत बसलं किंवा अगदी मूठ इग्निशनजवळ धरून साधं पातं फिरवलं तरी गाडी चालू व्हायला हवी, गाडीला नवीन चिप ओळखायला लावायच्या कोडिंगचा खर्च कशाला? त्यामुळे माझं सगळं लक्ष तो तुकडा न चेमटता बाहेर काढण्यावर आहे, त्याचे दात खराब झाले तर माप कशावरून घेणार.

टॉर्च मारून नीट बघितलं. लॉकच्या तोंडाशी धूळ अडवणारी छोटी स्प्रिंगची झडप असते ना, ती टाचणीने बाजूला धरली की मागे तुटलेल्या जागेची पिवळी पितळी कड चमकताना दिसते. तोंडापासून फार आत नाहीये, पण चिमट्याची टोकं दोन्ही बाजूंनी आत जातील एवढी फट नाही. आणि मेन अडचण म्हणजे लॉकची खाच सरळ नाहीये, किंचित फिरलेली आहे. माझ्या माहितीप्रमाणे किल्ली ज्या स्थितीत आत जाते त्याच स्थितीत बाहेर येते, मध्येच थांबलं की आतल्या पट्ट्या तिला धरून ठेवतात, म्हणजे आधी चपट्या स्क्रूड्रायव्हरने खाच हळूच जागेवर आणायची आणि मगच ओढायचं. बरोबर ना? स्क्रूड्रायव्हर तुकड्याला लागून तो अजून आत ढकलला जाईल याची भीती वाटते म्हणून अजून हात लावलेला नाही.

किल्ली जुन्या पद्धतीची आहे, कडेला दात असलेली, मधोमध नागमोडी खोबण असते तशी नाही. म्हणून जिगसॉ करवतीचं एकदम बारीक पातं किल्लीच्या दातांच्या बाजूने आत सरकवायचं, करवतीचे दात बाहेरच्या दिशेला तोंड करून, आणि थोडं वळवून अडकवून ओढायचं असा विचार आहे. कोणी हे स्वतः केलंय का? करवतीचं पातं आत मोडलं तर एकाचे दोन तुकडे व्हायचे.

घरात सगळे सुपरग्लू लाव म्हणून मागे लागलेत, काडीला थेंब लावून तुकड्याला चिकटव म्हणे. मी ठाम नाही म्हटलंय, थेंब पट्ट्यांवर ओघळला तर लॉक कायमचंच जाम. लोहचुंबकाचाही उपयोग नाही, पितळेला तो धरतच नाही.

तर नक्की विचारायचंय ते हे. खाच सरळ करायच्या आधी ग्राफाइट पावडर मारू की तेलकट स्प्रे? स्प्रेने लगेच सुटेल पण नंतर त्याला धूळ चिकटते असं ऐकलंय, आणि माझं लॉक धुळीनेच अडकलेलं आहे. दुसरं, बऱ्याच गाड्यांत दाराच्या कडेला रबरी बुचाखाली स्क्रू असतो, तो सैल केला की लॉकचा सिलिंडर बाहेर येतो, तसं करून सुटा सिलिंडरच चावीवाल्याकडे नेला तर स्वस्तात पडेल का, की गाडीजवळ बोलावणंच बरं? आणि चावीवाल्याशी बोलताना तुकडा काढणं आणि पातं कापणं याचे पैसे वेगवेगळे विचारायचे का? ज्यांनी करून घेतलंय त्यांनी प्लीज सांगा, घरी आजारी माणूस आहे, गाडी लवकर चालू व्हायला हवीये.