प्राध्यापक वर्गात टेक्नॉलॉजी वापरत नाहीत ते वयामुळे की कॉलेजमुळे?

खडू_फळा: सीनियर प्राध्यापकांना नवीन काही नको असतं, हे मीटिंगमीटिंगला ऐकून वैताग आलाय. मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागला तेव्हा रिटायरमेंटला आलेले लोकसुद्धा झूम, गूगल मीटवर शिकवायला लागलेच ना? मग वय आडवं आलं नाही. अडतं ते वर्गात प्रोजेक्टर चालू होईपर्यंत दहा मिनिटं जातात, लॅब असिस्टंट दोन मजले खाली असतो आणि तासिका ४८ मिनिटांची, तिथे.

गणितवाली: अर्धंच पटलं. २०२० ला सक्ती होती, तिला स्वीकार म्हणू नका. कॉलेजं उघडल्यावर किती जण फळ्याकडे परतले ते बघा, आणि त्यात चूक काय? डेरिव्हेशन फळ्यावर एकेक ओळ उतरतं तेव्हा पोरं सोबत विचार करतात, स्लाइडवर सगळं आयतं दिसलं की नुसते फोटो काढतात. लोक नवं तंत्रज्ञान का स्वीकारतात याचा अभ्यास करणारे फ्रेड डेव्हिस यांनी १९८९ मध्येच मांडलंय की माणूस दोन गोष्टी बघतो, उपयोग होईल का आणि वापरायला सोपं जाईल का. आपल्याकडे सगळी ट्रेनिंगं दुसऱ्यावरच, पहिल्याचं कुणी बोलतच नाही.

कोकणी_माणूस: मॅडम, माफ करा पण हे पळवाट शोधणं झालं. जिओजेब्रा हे गणिताचं सॉफ्टवेअर फुकट आहे, त्यात पॅरामीटर सरकवून आलेख बदलताना दाखवा, फळ्यावर ते होणारच नाही. प्रत्येक विषयात असं काहीतरी सापडतं, पण शोधायची इच्छा पाहिजे ना! आमच्या डिपार्टमेंटला एका मॅडमनी गूगल फॉर्मवर क्विझ सुरू केली, पोरं बाकीच्यांकडेही मागायला लागली, मग हळूहळू सगळेच वळले, कुणी सर्क्युलर काढलं नव्हतं.

तासिका_तत्त्व: सर, इच्छेचं बोलताय तर आमचंही ऐका. मी सीएचबीवर, म्हणजे तासांच्या मानधनावर आहे, पैसे घेतलेल्या तासाचे मिळतात, रात्री बसून क्विझ बनवली, व्हिडिओ एडिट केला त्याचे कोण देणार? डेटापॅक स्वतःचा, लॅपटॉप स्वतःचा, पुढच्या वर्षी परत इंटरव्ह्यू. आणि कॉलेजांना श्रेणी देणाऱ्या नॅकच्या फायलीला जिओटॅग (ठिकाणाची नोंद असलेले) फोटो हवे असतात तेवढ्यापुरता आयसीटी (कॉम्प्युटर-प्रोजेक्टरचा) वर्ग उघडतो. यातून आवड कशी लागणार?

गणितवाली: कोकणी सर, जिओजेब्राचं मान्य, आलेखांसाठी मी वापरेन. पण इच्छा विश्वासावर ठरते हो. मुंबई विद्यापीठाने २०१७ मध्ये उत्तरपत्रिकांची ऑनस्क्रीन तपासणी घाईघाईत आणली, निकाल महिनोन्‌महिने लटकले, शेवटी कुलगुरूंना पद सोडावं लागलं. ते बघितलेला प्राध्यापक पुढच्या प्रत्येक पोर्टलकडे संशयानेच बघणार.

कोकणी_माणूस: ती तपासणी होती, शिकवणं नव्हे, दोन्ही एकात घालू नका. वर्गात काय वापरायचं ते अजून आपल्याच हातात आहे. तासिका_तत्त्व यांचा पैशाचा मुद्दा मात्र शंभर टक्के खरा, तयारीचे तास वर्कलोडमध्ये धरलेच पाहिजेत, हे मी आमच्या संघटनेच्या बैठकीत मांडणार आहे.