बायोडेटातली पाच वर्षं: लिहायची की झाकायची?

पेठेतून परत (धागाकर्ता)

2019 ला बी.एस्सी. केमिस्ट्री झालो, फर्स्ट क्लास. जुलैत थेट पुणं. सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर खोली, खाली मेस, पलीकडच्या गल्लीत अभ्यासिका. ‘दोन वर्षांत पोस्ट काढतो’ असं घरी सांगून आलो होतो.

एमपीएससीची 2020 ची राज्यसेवा पूर्व परीक्षा एप्रिलमध्ये होती. कोरोनात ती पुढे गेली, पुन्हा गेली. 14 मार्च 2021 चं हॉलतिकीट हातात असताना 11 तारखेला परत पुढे ढकलली. त्या दिवशी शास्त्री रोडवर आंदोलनाला जी पोरं बसली होती त्यात मीही होतो. पेपर झाला 21 मार्चला. तोवर घरी सांगितलेली दोन वर्षं संपत आली होती. मग ‘एवढं केलंच आहे तर अजून एक ॲटेम्प्ट’ करत करत 2024 उजाडलं. मुख्य दोनदा दिली. पीएसआय तीन मार्कांनी हुकली. ऑगस्ट 2024 ची पूर्व आयबीपीएसच्या बँक भरतीच्या पेपरच्याच दिवशी आली, पुन्हा आंदोलन, पुन्हा नवी तारीख, 1 डिसेंबर. ती दिली आणि गादी गुंडाळली.

आता नोकरी शोधतोय. गंमत बघा, माझे दोन बायोडेटे आहेत. लग्नाचा मामांनी केलाय, त्यात फोटोखाली ठळक लिहिलंय, ‘पुणे येथे राज्यसेवेची तयारी’. स्थळांकडे तेवढ्यावर चहा-पोहे मिळायचे. नोकरीच्या बायोडेटात तीच ओळ आली की समोरचा पान उलटतो. ‘म्हणजे पाच वर्षं काहीच नाही केलं?’ हे वाक्य मी आतापर्यंत चार ठिकाणी ऐकलंय.

एका कन्सल्टन्सीवाल्याने सुचवलं की आठ हजारांत दोन वर्षांचं अनुभवपत्र मिळेल, पगारपावत्यांसकट. घेऊ का? नको असेल तर मग त्या जागी लिहायचं काय?

रोखठोक

घे. आणि इथे जे नीतिपाठ येतील ते वाचू नकोस. ते लिहिणारे सगळे नोकरीत आहेत. कंपनीच्या पोर्टलवर फ्रेशरचा फॉर्म भरून बघ, ‘पास झाल्याचं वर्ष’ या रकान्यात 2024 आणि 2025 एवढंच दिसतं. 2019 टाकायची सोयच नाही. प्रामाणिकपणा दाखवायला आधी कुणी समोर तर बसवायला पाहिजे ना?

कुरकुंभ लॅब

मी लॅबच्या क्यूसीत, म्हणजे मालाच्या गुणवत्ता तपासणीत, चौदा वर्षं आहे, पोरांच्या मुलाखती घेतो. अनुभवपत्र घेऊ नकोस. नीतीचं राहू दे बाजूला, तू पकडला जाशील म्हणून सांगतोय. जॉइन होताना यूएएन, म्हणजे पीएफचा खातेक्रमांक मागतात. कुठल्या महिन्यात कुणी पैसे भरले ते तिथे दिसतं. तुझी दोन वर्षं कोरी निघाली की त्याच दिवशी घरी.

रोखठोक

वीसपेक्षा कमी माणसं असलेल्या फर्मला पीएफचं बंधन नाही. हे त्या कन्सल्टन्सीवाल्यालाही माहीत असतं, म्हणून तो तसल्याच फर्मचं पत्र देतो.

कुरकुंभ लॅब

बरोबर. मग बँक स्टेटमेंट मागतात. पगार रोखीत मिळाला म्हणेल? म्हणू दे. त्यानंतर मी एकच प्रश्न विचारतो, ‘एचपीएलसीवर (नमुन्यातले घटक वेगळे करून मोजायचं मशीन) प्रेशर अचानक वाढलं तर आधी काय बघतोस?’ दोन वर्षं मशीनवर उभा राहिलेला माणूस झोपेत सांगेल. पत्रवाला छताकडे बघतो. अशी तीन पोरं मी स्वतः परत पाठवलीत. त्यातला एक खरंच हुशार होता. फ्रेशर म्हणून आला असता तर घेतला असता.

आमच्या लॅबमधली एक गोष्ट सांगतो, तुझ्या कामाची आहे. नोंदवहीत व्हाइटनर चालत नाही. रीडिंग चुकलं तर त्यावर एकच आडवी रेघ मारायची, खालचा आकडा वाचता आला पाहिजे, शेजारी बरोबर आकडा, सही, तारीख, कारण. ऑडिटवाला रेघेला हरकत घेत नाही. पान फाडलेलं दिसलं की मात्र अख्खी वही तपासायला घेतो. तुझ्या पाच वर्षांना रेघ मार. पान फाडू नकोस.

एचआर, चाकण

रोखठोक म्हणतात ते पोर्टलचं खरं आहे, आमच्याकडेही तसंच आहे. तो रकाना आम्ही एचआरवाले भरत नाही, वरून येतो. पण पोर्टल हा एकच दरवाजा नाही. आमच्याकडे डिस्पॅचला जी मुलं लागली त्यातली निम्मी ओळखीतून किंवा गेटवर बायोडेटा देऊन आली.

गेल्या वर्षी एक मुलगा आला होता, साडेचार वर्षं एमपीएससी. मी तोच प्रश्न विचारला, काय केलंत? त्याने मोबाईलवर एक्सेल शीट उघडली. दिलेल्या प्रत्येक सराव परीक्षेचे विषयवार मार्क, चुकलेल्या प्रश्नांचा प्रकार, शेजारी वेळ. लाल-हिरवे रकाने. हे तो साडेचार वर्षं रोज भरत होता. मी त्याला आमची डिस्पॅचची शीट दाखवली, दहा मिनिटांत त्याने दोन ठिकाणची चुकीची बेरीज काढून दिली. घेतला. पगार कमी होता, हेही सांगते.

रोखठोक

ताई, तो एक. बाकीचे किती आले आणि परत गेले?

एचआर, चाकण

बरेच. खोटं कशाला बोलू. बहुतेक जण ‘तयारी करत होतो’ म्हणून गप्प बसतात, आणि पुढचं विचारायला माझ्याकडे वेळ नसतो.

सोनचाफा

सगळे पाच वर्षांबद्दल बोलताय म्हणून विचारते, मुलींना पाच वर्षं मिळतात कुठे? मला दोन ॲटेम्प्ट मिळाले. दुसऱ्या पूर्वचा निकाल लागायच्या आधी साखरपुडा. मग तीन वर्षं सासरी. आता माझ्या बायोडेटात दोन गॅप आहेत आणि मुलाखतीत दुसऱ्याबद्दल विचारतात ते मी इथे लिहिणार नाही. धागाकर्त्या, तुझ्या पाच वर्षांना निदान ‘तयारी’ असं नाव तरी आहे.

बाकी माझ्या कामी आलं ते टायपिंगचं प्रमाणपत्र. मिनिटाला मराठी 30 शब्द, इंग्रजी 40. क्लार्कच्या जाहिरातीसाठी केलं होतं, ती नोकरी लागली नाही. एका वकिलांच्या ऑफिसात त्यावरच लागले.

बांधावरून

माझा धाकटा भाऊ अजून तिथेच आहे. 2023 च्या तलाठी भरतीला त्याच्या फॉर्मचे हजार रुपये मी भरले, साडेचार हजार जागा आणि दहा लाखांवर अर्ज. त्याला ‘परत ये’ म्हणायची माझी हिंमत होत नाही. खुल्या गटाला 38 पर्यंत वय आहे ना, तो तेच तोंडावर फेकतो. वयाची मर्यादा वाढली की पोरांना बरं वाटतं. इथे घरी आई दर महिन्याच्या एक तारखेला माझ्या तोंडाकडे बघते.

कंपनीवाल्यांना दोष द्या, पण रोखठोक, खोटं पत्र घे म्हणणं सोपं आहे. पकडला गेला तर गावात काय सांगायचं?

रोखठोक

गावात काय सांगायचं हाच तर आपला रोग आहे दादा. त्याच्यासाठीच पोरं तिथे बसून राहतात. पत्राबद्दलचं माझं म्हणणं मागे घेतो, लॅबवाल्यांचा प्रेशरचा प्रश्न मला सुचला नव्हता. पण बाकीचं नाही. पाच वर्षं अर्थशास्त्र, राज्यघटना, भूगोल कोळून प्यायलेल्या पोराला हा देश ‘काहीच नाही केलं’ म्हणतो, आणि तीन मार्क जास्त पडले असते तर त्याच पोराला सॅल्यूट ठोकला असता.

पेठेतून परत

सगळ्यांना धन्यवाद. आठ हजार वाचले, त्यातून एका लॅबमध्ये महिनाभराचं एचपीएलसीचं ट्रेनिंग लावतोय. बायोडेटात असं लिहिलंय, बघा: ‘जुलै 2019 ते डिसेंबर 2024: राज्य लोकसेवा आयोगाच्या परीक्षांची पूर्णवेळ तयारी. राज्यसेवा मुख्य दोन वेळा, पीएसआय मुख्य एकदा. निवड झाली नाही.’

कुरकुंभ लॅब

शेवटचं वाक्य ठेव. ट्रेनिंगची तारीखही टाक. आणि प्रेशर वाढलं तर आधी फिल्टर आणि कॉलम बघतात, आता फुकट सांगितलं. एमपीएससीच्या संयुक्त पूर्वचा नाद सुटला ना पण?

पेठेतून परत

फॉर्म भरलाय सर. ते बायोडेटात लिहिलेलं नाही.