वजनकाटा प्लगइनमध्ये ठेवायचा की वेगळ्या प्रोसेसमध्ये? (लिनक्स, सी++ ची क्यूटी ६ लायब्ररी)

खाडीकाठ, देवगड:
आंबा पॅकिंग शेडसाठी बिलिंगचं अ‍ॅप आहे. काटा, लेबल प्रिंटर आणि अहवाल हे तिन्ही प्लगइन, म्हणजे त्यात लोड होणारे सुटे भाग. काट्याची यूएसबी वायर निसटली की सेगफॉल्ट (मेमरीची चूक) येतो आणि अर्धं बिल घेऊन अख्खं अ‍ॅप बसतं. तिन्ही भाग वेगळे काढू का?

सडा:
तिन्ही नकोत. प्लगइन अ‍ॅपच्याच मेमरीत चालतो, त्यातला सेगफॉल्ट ट्राय-कॅचने (चुका पकडणाऱ्या कोडने) अडत नाही. म्हणून हार्डवेअरला हात लावणारे दोघे बाहेर काढा. अहवाल म्हणजे नुसता हिशेब, तो आहे तिथेच बरा.

काट्याची छोटी सर्व्हिस (वेगळी प्रोसेस) करून डी-बसच्या (लिनक्सवर प्रोग्रामांनी एकमेकांशी बोलायची सोय) सेशन बसवर, म्हणजे लॉगिन केलेल्या माणसापुरत्या बसवर ठेवा. सर्व्हिस फाइलमध्ये नेम (सर्व्हिसचं नाव) आणि एक्झेक (चालवायचा प्रोग्राम) या दोन ओळी पुरतात. पहिला कॉल आला की बसच तिला उठवते, मेली तर पुढच्या कॉलला पुन्हा. वजन स्थिर झाल्यावरच सिग्नल सोडा, तोही ग्रॅममध्ये, पूर्णांकात.

आणि लाइट गेली तर यातलं काहीच कामाचं नाही. बिलाची प्रत्येक ओळ तिथल्या तिथे एसक्यूलाइटमध्ये (एका फाइलीतला छोटा डेटाबेस) कमिट, म्हणजे पक्की करा.

मुचकुंदी:
कॉल असिंक्रोनसच, म्हणजे उत्तरासाठी थांबून न राहणारे हवेत. डी-बसचा नेहमीचा टाइमआउट २५ सेकंदांचा, सर्व्हिस अडकली तर तेवढा वेळ खिडकी गोठते आणि माणूस वैतागून अ‍ॅप बंद करतो. काट्याला २ सेकंद भरपूर.

अहवालाच्या इंटरफेसमध्ये (मुख्य प्रोग्राम आणि प्लगइन यांच्यात ठरलेली फंक्शनं) नवं व्हर्च्युअल फंक्शन मध्येच घुसवू नका. व्ही-टेबलमधल्या (फंक्शनांच्या पत्त्यांची यादी) जागा सरकतात, जुना प्लगइन बिनतक्रार लोड होतो आणि भलतंच फंक्शन चालतं. इंटरफेस बदलला की त्याच्या आयडीतला आवृत्तीचा आकडा वाढवा. मग जुन्या प्लगइनला त्या इंटरफेसमध्ये कास्ट केल्यावर नल (रिकामा पॉइंटर) मिळतो, चूक लगेच दिसते.

खाडीकाठ, देवगड:
वायर परत लावली की पोर्टचं नाव टीटीवाय-यूएसबी-० चं १ होतं. सर्व्हिसने शोधायचं कसं?

सडा:
जुना पोर्ट उघडाच राहिला की ० अडकून पडतो. क्यूसीरियलपोर्टकडून (क्यूटीचा सीरियल पोर्ट हाताळणारा क्लास) रिसोर्स एरर आली की आधी क्लोज करा. पत्ता बाय-आयडीचा (वायरीच्या ओळखीवरून ठरणारा) वापरा. सीएच३४० या यूएसबी-सीरियल चिपच्या वायरींना बहुधा सीरियल नंबर नसतो, तशा दोन असतील तर बाय-पाथ (वायर कुठल्या यूएसबी खाचेत आहे त्यावरून ठरणारा). उबंटू २२.०४ वर पोर्ट दिसून लगेच गायब होत असेल तर बीआरएलटीटीवाय (ब्रेल डिस्प्ले चालवणारा प्रोग्राम) तो बळकावतंय. ब्रेल डिस्प्ले वापरात नसेल तर ते पॅकेज काढून टाका.