सरासरीच्या आकड्याआड राहणाऱ्या माता : सोलापुरात वेगळा अभ्यास हवा का?

पूर्वभागकर : अमेरिकेत २०२१ मध्ये दर एक लाख जिवंत जन्मांमागे ६९.९ कृष्णवर्णीय माता दगावल्या. गौरवर्णीयांमध्ये हे प्रमाण २६.६ होते. नोंदी वंशानुसार वेगळ्या काढल्या, म्हणूनच ही तफावत दिसली. महाराष्ट्राचा २०१८-२० चा मातामृत्यू दर ३३ आणि देशाचा ९७ हे अभिमानाचे आहेच. पण त्या ३३ मध्ये सोलापूरच्या आमच्या पूर्व भागातली विडी वळणारी तेलुगू भाषक बाई, फडावर राबणारी ऊसतोड कामगार आणि बंगल्यातली सून एकाच रकान्यात बसतात.

शेजारची सून आठव्या महिन्यात एका रुग्णालयाच्या बाकावर कपाळ दाबून ‘तलनोप्पी, तलनोप्पी’ म्हणत होती, म्हणजे डोके दुखते आहे. तेलुगू समजणारी आया येईपर्यंत कोणी रक्तदाब पाहिला नाही. पाहिला तेव्हा तो १६०/११० होता. गरोदरपणात ही झटक्यांची पूर्वसूचना असू शकते. बाळ-बाळंतीण वाचली आणि म्हणूनच ही गोष्ट कोणत्याही तक्त्यात गेली नाही. जात, भाषा आणि काम यांनुसार आकडे वेगळे काढलेच पाहिजेत.

सिद्धेश्वरपेठ : मी असहमत आहे. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार राज्यातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आहे. तो एका समाजापुरता नाही, मुळाशी गरिबी आहे. एका जिल्ह्यातल्या मातामृत्यूंची संख्या लहान असते. तिचे गट पाडले, तर एका मृत्यूने दर दुप्पट दिसेल. शिवाय कळा येत असताना बाईला जात विचारणे मला मान्य नाही. तो पैसा रक्तपेढी आणि रुग्णवाहिकेवर खर्च व्हावा.

पूर्वभागकर : लहान संख्येचा मुद्दा रास्त आहे. म्हणून मृत्यूंऐवजी हिमोग्लोबिन, बाळाचे जन्मवजन आणि बाई दारात आल्यापासून पहिला रक्तदाब पाहीपर्यंत गेलेली मिनिटे मोजा. मात्र सगळे खापर गरिबीवर फोडता येत नाही : अमेरिकेत पदवीधर कृष्णवर्णीय स्त्रियांचे गर्भारपणाशी निगडित मृत्यूही शालेय शिक्षण अपुरे राहिलेल्या गौरवर्णीय स्त्रियांपेक्षा जास्त आढळले आहेत. तान्ह्या मुलींच्या मृत्यूंचेही तसेच. जन्मानंतरच्या पहिल्या महिन्यात निसर्गतः मुली मुलग्यांपेक्षा चिवट असतात. पुढे त्यांचे मृत्यू मुलग्यांच्या बरोबरीला आले, तर मुलाला तापात रात्रीच दवाखान्यात नेले आणि मुलीला सकाळपर्यंत थांबवले का, हे विचारावेच लागते.

रात्रपाळी : मी परिचारिका आहे. वॉर्ड भरलेला असताना भाषा कळली नाही, की ती बाई नकळत मागे पडते, हे मी स्वतः पाहिले आहे. मात्र जातीचा शिक्का केसपेपरवर आला, तर काहींची वागणूक आणखी बिघडेल, अशी मला भीती वाटते.

सिद्धेश्वरपेठ : भाषेचा आणि कामाचा रकाना मला मान्य आहे, मिनिटांची नोंदही. जातीची माहिती घ्यायचीच असेल, तर ती बाळंतपणानंतर, घरी, संमतीने आणि नावाशिवाय घ्यावी. केसपेपरवर ती येऊ नये, या मतावर मी ठाम आहे.