फर्लोवर (जेलमधून मिळणाऱ्या सुट्टीवर) आलेला भाऊ उघड्या दारापाशी थांबून राहतो. जेलमधल्या विचार-कौशल्याच्या वर्गाने फरक पडतो का?

नंदनवनची_ताई
नमस्कार. माझा धाकटा भाऊ साडेचार वर्षांपासून आत आहे. मारामारीची केस, सात वर्षांची शिक्षा. मागच्या फर्लोला घरी आला तेव्हा पहिल्याच सकाळी तो दारापाशी उभा दिसला. कडी काढलेली, दार नुसतं लोटलेलं. मी म्हटलं, "जा ना बाहेर." तर म्हणतो, "हो, उघडा ना." सख्ख्या बहिणीला "उघडा"! स्वयंपाकघरात जाऊन रडले मी. मग बर्डीच्या बाजारात शर्ट घ्यायला गेलो. दुकानदाराने पाच शर्ट पुढ्यात टाकले आणि याला घाम फुटला. "तूच घे, ताई." हाच पोरगा आधी, कोणी वाकडं बोललं की हात उचलून मोकळा व्हायचा.

आता आत एका संस्थेचा वर्ग सुरू झालाय. राग आला की मनात नेमकं कोणतं वाक्य आलं, ते वहीत लिहायला लावतात. आई म्हणते, प्रवचनासारखंच असेल. मला जाणून घ्यायचंय, याने डोक्यात खरंच काही बदलतं का?

बजाजनगर_मानसशास्त्र
ताई, कॉलेजात हाच विषय शिकवतो, म्हणून लिहितो. आधी दाराबद्दल. स्वतःला आवरणं, बेत आखणं, पर्याय तोलणं ही कामं मुख्यतः कपाळामागच्या मेंदूची. आत उठणं, जेवणं, झोपणं सगळं दुसरं कोणी ठरवतं, मग हे काम वापरात राहत नाही. नेदरलँड्समध्ये 37 कैद्यांची आत गेल्यावर आणि 3 महिन्यांनी पुन्हा चाचणी झाली. लक्ष कमी झालेलं आणि धोका पत्करण्याची ओढ वाढलेली आढळली. 2018 चा अभ्यास आहे. म्हणजे तुमचा भाऊ बिघडलेला नाही, ती सवय तिथली आहे.

वर्गाबद्दल. ही पद्धत 1980 च्या दशकात कॅनडात रॉबर्ट रॉस आणि एलिझाबेथ फॅबियानो यांनी बसवली. 2005 साली अशा प्रकारच्या वर्गांवरच्या 58 अभ्यासांचा एकत्र हिशेब झाला. प्रशिक्षण न मिळालेल्या 100 जणांपैकी साधारण 40 पुन्हा गुन्ह्याकडे वळले, प्रशिक्षण मिळालेल्यांत 30. जादू नाही, पण त्या दहा घरांना विचारा. राग आवरणं आणि माणसामाणसांतली भांडणं सोडवणं शिकवलं तिथे फायदा जास्त दिसला. वहीतलं वाक्य हे त्यातलंच आहे, प्रवचन नव्हे. प्रवचनात तो ऐकतो, इथे त्याला स्वतः करावं लागतं.

रंधा_आणि_पटाशी
ताई, मी सहा वर्षं आत काढली. सुतारकाम तिथेच शिकलो. असाच वर्ग मी केलाय.

एकदा सरांनी विचारलं, नळावर तुमची बादली कोणी सरकवली तर मनात काय येतं? मी लिहिलं, "हा मले कचरा समजते." सर म्हणाले, आणखी दुसरं कारण सांगा. लय वेळ बसलो, एक सुचलं नाही. शेवटी बाजूचा पोरगा म्हणाला, "त्याची आज तारीख असन, कोर्टाची गाडी लागली असन." बाप्पा! इतकी साधी गोष्ट माझ्या डोक्यात तीस वर्षांत आली नव्हती. नंतर रोज एक वाक्य, एक दुसरं कारण. पहिले दोन महिने नुसतं लिहिलं, हात तसेच शिवशिवायचे. मग एक दिवस बादली खरोखर सरकली आणि हात उठायच्या आधी "तारीख" हा शब्द आला.

बाहेर आल्यावर मात्र दार मलाही उघडता येत नव्हतं. बायकोने रोज एक गोष्ट माझ्यावर सोडली. भाजी कोणती, एवढंच. चुकीची आणली तरी तीच रांधली. तुम्ही त्याच्यासाठी शर्ट घेऊन टाकू नका, ताई. दुकानात अर्धा तास लागला तर लागू द्या. वहीबद्दलही विचारा, पण वाचून दाखव म्हणू नका.

नंदनवनची_ताई
दादा, "तारीख" आईला वाचून दाखवलं. ती बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, त्या दिवशी त्याच्या मनात कोणतं वाक्य आलं असेल गं?

सर, तुमचेही आभार. पोळ्याच्या आधी तो पुन्हा फर्लोवर येणार आहे. तान्हा पोळ्याला माझ्या मुलासाठी लाकडी बैल घ्यायचाय. मामा-भाचे दोघेच जातील, पैसे मामाच्या खिशात देईन. आणि घराचं दार लोटलेलंच ठेवेन.