उसवलं, फाटलं की विरलं?

गेलं वर्षभर मी इंग्लंडमध्ये ट्राइक उडवायला शिकतेय आणि सोबत एक मोडका ट्राइक पुन्हा उभा करतेय. वर कापडी त्रिकोणी पंख, खाली तीन चाकांची गाडी, मागे इंजिन. अख्खी गाडी पंखाला एका बोल्टावर लटकलेली. माझा ट्राइक वाऱ्याने जमिनीवरच उलटला होता. पंखाच्या डाव्या कडेची अ‍ॅल्युमिनियमची नळी वाकली आणि कापडाला वीतभर चीर गेली.

आईने आयुष्यभर शिवणकाम केलंय. व्हिडिओ कॉलवर कापड दाखवलं तर तिचा पहिला प्रश्न, “उसवलंय, फाटलंय की विरलंय?” इथे सगळे नुसतं ‘डॅमेज’ म्हणतात. पण या तीन शब्दांवरच पुढचं सगळं काम ठरतं. उसवलं म्हणजे दोरा गेला, कापड शाबूत. पुन्हा शिवता येतं. फाटलं तर ठिगळ, आणि ते कुठे, केवढं चालेल हे निर्मात्याच्या पुस्तकात बघायचं. विरलेलं कापड मात्र दिसायला धड असतं आणि ताण आला की जातं. उन्हाने पॉलिएस्टरचं कापड आणि शिवणीचा दोरा दोन्ही विरतात. अशा कापडाला ठिगळ नाही, ते टाकायचंच. तपासनीस शिवणीत सुई अडकवून स्प्रिंगच्या काट्याने ठरावीक ताण देतो. आई दोन अंगठे जवळ धरून कापड ताणते. परीक्षा तीच.

नळीचंही तसंच. वाकली, पिचली, पोचा पडला, हे तीन वेगळे प्रकार. वाकलेली नळी सरळ करून वापरायची नाही, नवीच घालायची. सरळ करताना धातू आतून कमजोर होतो.

विचारायचं ते हे: अंगाचं वजन सरकवून हे यंत्र वळवतात, त्या क्रियेला ‘तोल’ शब्द कसा वाटतो? आणि बाकीच्या भागांना कोणते मराठी शब्द चालतील?

प्रतिसाद: पंखाला शीड म्हणा. आमच्या रत्नागिरीकडे होडीच्या कापडाला हाच शब्द. पंख म्हटलं की पत्र्याचं ताठ काहीतरी डोळ्यांपुढे येतं. आकार राहावा म्हणून आत पट्ट्या सरकवतात ना? त्यांना पतंगाची कामटी चालेल.

प्रतिसाद: ‘तोल’ पटत नाही. तोल जातो किंवा सावरतो, मुद्दाम कोणी हलवत नाही. ‘झोक’ बघा. उजवीकडे झोक दिला, असं सहज म्हणता येतं.

मूळ लेखिका: कामटी अगदी चपखल. ती ज्यात सरकते त्या शिवलेल्या पट्टीला मी केव्हाच ‘नेफा’ म्हणायला लागलेय, लेंग्याच्या नाडीचा असतो तोच. शीडही घेतला. फ्रान्सिस आणि गर्ट्रूड रोगॅलो या अमेरिकन जोडप्याने १९४८ च्या सुमारास हा लवचिक पंख शोधला, तेव्हा नमुन्यासाठी स्वयंपाकघरातल्या पडद्याचं छिटाचं कापड वापरलं होतं. (इंग्रजीतला ‘चिंट्झ’ हा आपल्याकडच्या छिटावरूनच गेलेला.) म्हणून शिवणकामाचे शब्द इथे उसने वाटतच नाहीत.

झोक मात्र नको. झोक म्हटलं की अंग सैल सुटतं, आणि इथे प्रत्येक हालचाल मोजून करायची असते. उजवीकडे वळायचं तर पंखाला जोडलेली हातातली आडवी दांडी डावीकडे ढकलायची, म्हणजे आपलं आणि गाडीचं वजन पंखाच्या उजव्या अंगाला जातं. दांडी पुढे ढकलली की वजन मागे, नाक वर, वेग कमी. दांडीचा विचार केला की हात चुकतो. सुरुवातीला माझा दोनदा चुकला. ‘तोल उजवीकडे’ असं मनात म्हणायला लागले तेव्हापासून नाही. तोलणे म्हणजे वजन करणं आणि तोल म्हणजे समतोल; या यंत्रात दोन्ही एकच आहेत. आणि मुद्दाम तोल हलवणारे असतात की! दोरीवरचा डोंबारी काठी घेऊन दुसरं काय करतो?

काल कामट्या मूळ मापाच्या कागदी नकाशावर ठेवून गुडघ्यावर वाकवत जुळवल्या. डावीकडची पाचवी पुढच्या टोकाशी अजून बोटभर वर राहतेय.