मदत हवी आहे: आठवीच्या मुलांना महिदपूरला न्यावं का, आणि नेलं तर दाखवावं काय?

नमस्कार मंडळी. इंदूरमध्ये आठवीला इतिहास शिकवते. २१ डिसेंबर १८१७ला उज्जैन जिल्ह्यातल्या महिदपूरला होळकर आणि इंग्रज लढले. होळकरांच्या तोफांचा मारा झेलत इंग्रज फौज क्षिप्रा उतरली आणि जिंकली. गादीवर तेव्हा अकरा वर्षांचे दुसरे मल्हारराव, म्हणजे माझ्या विद्यार्थ्यांहूनही लहान! पुढे १८१८मध्ये मंदसौरचा तह झाला आणि होळकरांची राजधानी इंदूरला आली. हे मुलांना तिथेच उभं करून सांगायचंय.

गेल्या रविवारी मी स्वतः पाहून आले. किल्ला आहे, नदी आहे, बाकी शेतं. गावात तीन-चार जणांना विचारलं, प्रत्येकाने लढाईची जागा वेगळीच दाखवली. मुख्याध्यापक म्हणतात, "त्यापेक्षा वर्गात नकाशा लावा, डिझेल वाचेल." पूर्ण चूक आहेत असंही म्हणवत नाही. मागच्या सहलीत मुलांच्या लक्षात राहिली ती फक्त कचोरी.

मुलं ४२, शिक्षक तीन, बस ठरलेली. सकाळी निघून संध्याकाळी परत यायचंय, त्यामुळे तिथे जेमतेम तीन तास. नदीच्या पाण्यात कोणालाही उतरवणार नाही. इंदूरचा राजवाडा आणि होळकरांच्या छत्र्या (समाध्या) मुलांनी पाहिल्यात, कृपया ते सुचवू नका.

इंग्रज फौज नदी उतरली तो उतार आज नेमका कुठे दाखवता येईल? आणि मोकळ्या शेतात उभं राहून मुलांना लढाई कळावी यासाठी कोणी काही करून पाहिलंय का?